पिंजऱ्यापुढे बोलू नये

वडगाव मावळच्या बाजारातून बाहेर पडून शेताच्या कडेकडेनं पंधरा मिनिटं चाललं, की चार जांभळांच्या आडोशाला एक पत्र्याची शेड लागते. फाटकावर 'माघारी' एवढीच पाटी. नवखा माणूस बुचकळ्यात पडतो, हे गॅरेज म्हणावं की मठ? आहे ती वन्यजीवांची संस्था. जखमी, आजारी, आईवेगळी जनावरं इथं आणायची, बरी करायची आणि जिथली तिथं परत सोडायची. नाव आसावरीबाईंनी ठेवलेलं. आपण जनावरं ठेवून घ्यायला बसलेलो नाही, माघारी पाठवायला बसलोय, हे फाटकातच कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आसावरीबाई संस्थेच्या अध्यक्ष. अध्यक्ष म्हटलं की शाल, नारळ आणि फोटोत मधली खुर्ची, असं आपल्या डोळ्यांपुढे येतं. बाई त्यातल्या नव्हेत. तळेगावच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला स्कूटरवर इथं हजर. पगार नाही, मानधन नाही, पेट्रोलसुद्धा पदरचं. घाण काढण्यापासून औषध पाजण्यापर्यंत सगळं स्वतः करणार. एकच अडचण होती. शाळा सुटली होती, पण बाई सुटल्या नव्हत्या. उसातून नाग उचलून आणणारा गोरख, चार पोरांचा बाप, बाईंची स्कूटर वाजली की तोंडातली तंबाखू थुंकून हात मागे बांधून उभा राही. अकरा स्वयंसेवक, त्यांतले तिघे बाईंचेच जुने विद्यार्थी. बाई बोलल्या की बाकीचे ऐकायचे, आणि बाई बहुतेक वेळ बोलत असायच्या.

मात्र पिंजऱ्यांच्या बाजूला गेल्या की त्यांचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. तिथल्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात तीन ओळी रंगवल्या होत्या. 'पिंजऱ्यापुढे बोलू नये. जनावराला नाव ठेवू नये. गरजेशिवाय हात लावू नये.' माणसाचा आवाज म्हणजे खाऊ, हे एकदा जनावराच्या डोक्यात बसलं, की ते सुटल्यावरही माणसामागे धावतं आणि जिवाला मुकतं. बाईंनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. संस्था निघायच्या आधी त्यांनी वानराचं एक पिल्लू घरात वाढवलं होतं. सोनू नाव ठेवलं, मांडीवर घेऊन दूध पाजलं, अंगाई म्हटली. मोठा झाल्यावर त्याला खंडाळ्याच्या रानात सोडला. तो तिसऱ्या आठवड्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यात शिरला आणि स्वयंपाकघरात एका बाईच्या मांडीवर जाऊन बसायला लागला. लोकांनी त्याला दगडांनी मारला. बाईंनी तो उचलून आणला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती आणि मुठीत पोळीचा तुकडा होता. त्या दिवसापासून त्यांनी जनावराशी बोलणं सोडलं. म्हणून त्यांच्या कडकपणाला कुणी हसू नये. तो दुःखातून आलेला होता.

लीलाबाई या संस्थेत आली ती टोपलीत टिटवी घेऊन. आंबीला तिचं शेत. आजूबाजूला कारखाने उठले, पण तिनं भाताची दोन खाचरं आणि तीन म्हशी सोडल्या नव्हत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक अनिता चाकणला नांदत होती. पंख मोडलेली टिटवी घेऊन ती डेअरीच्या टेम्पोतून आली आणि टिटवी बरी होऊन उडून गेली तरी येतच राहिली. धार काढून, दूध घालून, सातच्या आत हजर. तिच्यासारखे हात बाईंनी पाहिले नव्हते. फडफडणारी घुबडं तिच्या ओंजळीत गप व्हायची. वय बाईंच्याच बरोबरीचं, पण बाई तिला 'लीलाबाई' म्हणत आणि ती बाईंना नुसतं 'बाई' म्हणे, शाळेतल्या पोरांसारखं.

तिला एकच गोष्ट जमत नव्हती. गप बसणं.

"बाई, न बोलता चारा घालायचा म्हंजे पाव्हण्याला मुक्यानं ताट वाढल्यागत वाटतं वो," ती एकदा म्हणाली.

"तो पाहुणा नाही, लीलाबाई. पेशंट आहे," बाई म्हणाल्या.

"पेशंटाशी तर समदेच बोलत्यात," लीलाबाई म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली. बाई हसल्या नाहीत.

मागल्या वर्षी फेब्रुवारीत गोरख शेकराचं पिल्लू घेऊन आला. विसापूरच्या बाजूला वठलेलं झाड पडलं, त्याबरोबर घरटं आलं, आई काही परतली नाही. तळहातावर मावेल एवढा जीव, डोळे नुकते उघडलेले, डाव्या कानाला चीर गेलेली. शेकरू म्हणजे झाडाच्या शेंड्यावर राहणारी मोठी तांबूस खार. जमिनीवर सहसा उतरत नाही, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारत जन्म काढते. तिला माणसाची सवय लागली, तर ती पहिल्यांदा खाली उतरायला शिकणार, आणि खाली तिला कुणीही मारील. म्हणून बाईंनी ठरवलं की या पिंजऱ्याकडे दोघींनीच जायचं. त्या स्वतः आणि लीलाबाई. तेही मातकट रंगाचा झगा अंगावर चढवून आणि तोंड झाकून.

सुरुवातीचे सहा आठवडे दर तीन तासांनी दूध पाजलं. पुढं पिल्लू फळं खायला लागलं तेव्हा बाईंनी दिवसाची पद्धत बसवली. सकाळी आणि दुपारी त्या उंबर, केळं कुस्करून त्यात जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची भुकटी कालवत, चमच्याला चिकटलेलं वाटीच्या काठावर झटकत, वाटी आत सरकवत आणि मागं न बघता निघून जात. एक शब्द नाही, एक नजर नाही. लीलाबाईनं पाणी बदलायचं, डहाळ्या बांधायच्या, झाडायचं. शेकरू वाढत होतं, चपळ होत होतं. बाईंना वाटायचं, हे एक काम तरी आपल्या हातून बिनचूक होतंय. सोनूचं देणं यातून थोडं तरी फिटेल, असं त्या कुणाला बोलून दाखवत नव्हत्या, पण वाटायचं तेच.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी स्कूटर पंक्चर झाली म्हणून बाई चालत, मागच्या बाजूनं आल्या. शेडच्या पलीकडून लीलाबाईचा आवाज येत होता.

"खा गं तांबू. खा गं माजी बाय. आई न्हाई म्हून रुसतीस व्हय? मी हाय की."

तांबूस जनावर म्हणून तांबू. गोठ्यातल्या गाईला ठेवावं तसं नाव. बाई शेडच्या आडच थांबल्या. आपण सात महिने दातांवर दात ठेवून गप बसलो आणि ही रोज पिल्लाशी गप्पा मारत बसते. त्यांना सोनूची मूठ आठवली. त्या क्षणी त्या लीलाबाईला काही बोलल्या नाहीत. तेव्हाच चार शब्द बोलून मोकळ्या झाल्या असत्या, तर पुढचं कदाचित टळलं असतं. पण बाई शिक्षिका. चूक वर्गात सगळ्यांपुढे दाखवायची, म्हणजे सगळ्यांना धडा मिळतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा असायची. सतरंजीवर अकरा जण, खांबाला टेकून लीलाबाई, तिची ती नेहमीची जागा. हजेरी झाली आणि बाई म्हणाल्या, "लीलाबाई, उभ्या राहा."

ती उभी राहिली. साठीच्या घरातली बाई, म्हशींची मालकीण, पोरीसारखी उभी राहिली. बाईंनी मंगळवारी ऐकलेलं सगळं सांगितलं, नावासकट. कुणीतरी मागं खुदकन हसलं.

"चुकलं बाई," लीलाबाई म्हणाली. "तोंडातनं जातं वो. परत न्हाई बोलनार."

"तुमच्या चुकीची किंमत तुम्ही देणार नाही. ते जनावर देणार आहे," बाई म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका."

 गोरखनं मान खाली घातली. लीलाबाईनं कनवटीची पिंजऱ्याची किल्ली काढली आणि वाकून सतरंजीवर ठेवली. ठेवून ती तशीच थांबली.

"बाई, येक सांगू का?"

"नको. आता काही सांगू नका."

ती चपला घालून गेली. तिच्या मागं फाटक वाजलं आणि बाईंनी पुढचा विषय घेतला.

दिवाळीनंतर शेकराच्या उड्या बघण्यासारख्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता वेळ झाली. वनखात्याची परवानगी आली आणि जानेवारीत लोहगडवाडीच्या वरच्या रानात, दाट झाडी बघून, एका उंच झाडावर पिंजरा बांधला. आठ दिवस आतच ठेवून रानाची ओळख करून द्यायची, मग दार उघडायचं आणि आपण निघून यायचं. नवव्या दिवशी दार उघडलं. शेकरू बाहेर आलं, फांदीवर थबकलं, आणि एका झेपेत समोरच्या झाडावर गेलं. मग पुढच्या. पानं हलत गेली आणि थांबली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गोरखनं बाईंना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. काय करावं ते न सुचून तो दोरी गुंडाळत बसला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच गोरखनं मोबाईल बाईंच्या पुढं धरला. लोहगडवाडीतल्या एका टपरीच्या पत्र्यावर शेकरू बसलं होतं. खाली ट्रेकिंगला आलेली पोरं किंचाळत होती, एक मुलगी बिस्कीट दाखवत होती, आणि शेकरू खाली उतरून ते हातातून घेत होतं. डाव्या कानाला चीर.

बाईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग एवढंच म्हणाल्या, "लीलाबाईनं केलं हे. तिच्या लाडानं केलं."

गोरखनं मोबाईल खिशात घातला. तो गावोगाव गाडी घेऊन फिरणारा माणूस. पिंजऱ्यापाशी काय चालायचं, हे त्याला कुठं माहीत? संस्थेत दोन दिवसांत हे सगळ्यांच्या तोंडी झालं. लीलाबाईनं बोलून बोलून बिघडवलं. कुणी आंबीला गेला असेल तर तिच्याही कानावर घातलंच असेल. लोक असली गोष्ट जिथल्या तिथं ठेवत नाहीत.

बुधवारी बाई आणि गोरख लोहगडवाडीला गेले. टपरी केरबाची. सत्तरीला टेकलेला माणूस, सरबत, ताक, भजी, मॅगी. शेकरू यायला लागल्यापासून गिऱ्हाईक वाढलं होतं आणि तो ते लपवतही नव्हता.

"बसा बाई. आमच्या शेकराला बगायला आलाव का?"

"ते तुमचं नाही, केरबाआबा," बाई म्हणाल्या. "आमचंही नाही."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. केरबा ऐकून हिरमुसला. "आमी कायबी केलं न्हाई वो. त्येच येतं. हाका मारू मारू थकलो तर येत न्हाई, आन मनात आलं की येतं." दाखवायला म्हणून त्यानं झाडाकडे तोंड करून हाक मारली, "ये रं, ये ये!" झाडावर पान हललं नाही.

तेवढ्यात दोघं जण गड उतरून आले आणि त्यांनी लिंबू सरबत मागितलं. केरबानं स्टीलच्या जगमध्ये लिंबू पिळलं, साखर घातली, लांब दांड्याच्या चमच्यानं ढवळलं आणि चमचा जगच्या काठावर झटकला. टण, टण, टण.

पानं हलली. शेकरू बुंध्यावरून डोकं खाली करून सरसर उतरलं आणि पत्र्यावर येऊन बसलं.

बाई बाकावरून उठल्या. एकतीस वर्षं पोरांना सांगितलेलं त्या विसरल्या नव्हत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. शेकरू पुन्हा वर जाईपर्यंत त्या थांबल्या. मग केरबाकडून एक रिकामी वाटी आणि चमचा मागून घेतला आणि टपरीपासून लांब, कारवीच्या झुडपांआड जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्यांनी हाक मारली. लीलाबाईच्या आवाजात, जमेल तशी. "तांबू. खा गं तांबू. खा गं माजी बाय." सोनू गेल्यापासून पहिल्यांदा त्या एका जनावराशी बोलत होत्या. शेकरानं ऐकलंसुद्धा नाही.

मग त्यांनी चमचा वाटीच्या काठावर तीनदा झटकला.

ते आलं. झाडांवरून आलं, शेवटच्या झाडावरून जमिनीवर उतरलं आणि गवतातून उड्या मारत त्यांच्या पायापाशी आलं. मागच्या पायांवर उभं राहून त्यानं वाटीत पाहिलं. वाटी रिकामी होती. त्यानं बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा वाटीत पाहिलं.

रोज दोनदा, नऊ महिने. बाईंच्या आता एकेक सकाळ ध्यानात येत होती. झगा घातलेला, तोंड बांधलेलं, जीभ आवरलेली, आणि हातातला चमचा बोलत होता. आपल्याला कधी ऐकूच आला नाही. दिव्याखाली अंधार असतो, हे त्यांनी किती पोरांना वहीत लिहायला लावलं असेल.

"बाई, काय झालं?" गोरखनं विचारलं.

"लीलाबाईचं काही चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

आता एकच गोष्ट हातात होती. शेकरू पकडून परत आणायचं, ती सवय मोडायची आणि वाडी-वस्तीपासून लांबच्या रानात सोडायचं. पण त्याला पुन्हा परवानगी लागते. बाईंनी गुरुवारी अर्ज दिला. मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार आला, कागद सोमवारी मिळणार असं ठरलं. त्यात कुणाचा दोष नव्हता. तोवर केरबानं चमचा ठेवून देऊन सरबत लाकडी काडीनं ढवळायचं कबूल केलं. नुसतं कबूल केलं नाही, शेजारच्या चार टपऱ्यांवर जाऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं. "शेकराच्या जिवाचा परश्न हाय, चमचा वाजवू नका." लोक हसले, पण ऐकलं. शनिवार सुखात गेला. केरबानं सांजेला फोन केला, "आज आलं न्हाई बाई. वरच व्हतं दिसभर." बाईंना त्या रात्री झोप लागली.

रविवारी अकरा वाजता पुन्हा फोन आला. केरबाला बोलता येत नव्हतं.

बाई आणि गोरख पोचले तेव्हा केरबा टपरीच्या मागं मांडी घालून बसला होता. मांडीवर त्याचं उपरणं, उपरण्यात शेकरू. टपरीवर गिऱ्हाइकांची रांग होती आणि तो तिकडं बघतही नव्हता.

"बाई, म्या चमचा वाजवला न्हाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "देवाशपथ न्हाई वाजवला."

पलीकडच्या टपरीवर मालकाची सून माहेराहून त्याच दिवशी आली होती. गर्दी बघून सरबत करायला बसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या टपरीवर झाड नाही, मधे रस्ता आहे. ठोके ऐकून शेकरू खाली उतरलं आणि रस्ता ओलांडून निघालं. टपऱ्यांवरच्या उष्ट्यावर जगणारी तीन कुत्री तिथं पडलेली असतात. रानातलं शेकरू कुत्रं बघून झाडाकडे पळालं असतं. हे ठोक्यांकडेच पळालं.

बाईंनी उपरणं उघडून पाहिलं. डावा कान तेवढा धड राहिला होता, चिरेसकट. त्यांनी हात लावू नये हा स्वतःचाच नियम मोडला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गरजेशिवाय, वर्षभरात पहिल्यांदा. अंग अजून गरम होतं. वनरक्षक आले, पंचनामा झाला, नियमाप्रमाणे दहन झालं. गोरख बाईंची स्कूटर चालवत त्यांना घरी घेऊन आला.

घरी त्र्यंबकरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, काही न विचारता चहा केला. बाईंनी साखर घातली, ढवळली आणि चमचा कपाच्या काठावर झटकला. तीनदा. दोघांनीही ऐकलं. बाई कपाकडे बघत राहिल्या.

"मी नेहमी असं करते?"

"लग्न झाल्यापासून," त्र्यंबकराव म्हणाले.

"मग कधी बोलला का नाहीत?"

 "मला त्याचं काही वाटायचं नाही गं. आणि तुला सांगायचं म्हणजे..." पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं. बाईंनी चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी परवानगीचा कागद मिळाल्याचा फोन आला. बाईंनी तो घ्यायला गोरखला पाठवलं, फाइलला लावायला. आणि स्वतः आंबीला गेल्या.

लीलाबाई गोठ्यात शेण भरत होती. बाईंना बघून तिनं घमेलं खाली ठेवलं, हात धुतले, ओट्यावर घोंगडं अंथरलं. पाच महिन्यांपूर्वी हिनंच आपल्याला अकरा जणांत उभं केलं होतं, याची काहीही खूण तिच्या तोंडावर नव्हती. उलट ती लगबगीनं आत गेली, पाणी घेऊन आली आणि समोर टेकली.

"तांबू बरी हाय न्हवं बाई? लोक म्हनत्यात बिस्किटं खाती. तिला बिस्कीट चालायचं न्हाई, पोटाला बरी नव्हती ती लहानपनी."

बाईंना ठरवून आणलेलं बोलणं सुचेना. शेवटी त्यांनी सरळ सांगितलं, "ती गेली, लीलाबाई. काल. कुत्र्यांनी मारली."

लीलाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. रडण्याचा आवाज आला नाही. गोठ्यात एक म्हैस हंबरली तरी तिनं तिकडं पाहिलं नाही. मग ती म्हणाली, "माज्या बोलन्यानं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तेच सांगायला आलेय. तुमच्या हाकेला तिनं ओसुद्धा दिली नाही, मी बघितलं स्वतः. ती माझ्या चमच्याला येत होती. मी वाटीवर चमचा झटकायचे ना, त्याला. मला ठाऊकच नव्हतं. मी तुम्हाला चारचौघांत नाही नाही ते बोलले. मला माफ करा."

लीलाबाईनं पदर तोंडातून काढला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी तितंच असायची की बाई, झाडत. तुमी चमचा वाजवला की ती डहाळीवरनं खाली यायची, तोंड वर करून बसायची. माज्या बोलन्याला कवा आली न्हाई. मी आपली माज्या समाधानाला बोलायची."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

लीलाबाईनं बाईंकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"सांगत व्हते न्हवं त्या दिशी. येक सांगू का म्हनलं. तुमी म्हनलाव, नको."

बाईंनी डोळे मिटून घेतले. सतरंजीवर ठेवलेली किल्ली, वाकलेली लीलाबाई, आणि आपला स्वतःचा आवाज. नको. आता काही सांगू नका. तेव्हा ऐकलं असतं तर पिल्लू हाताशी होतं. वाटी बदलायची, लाकडी चमचा घ्यायचा, तीन महिने होते हातात. एवढंच करायचं होतं.

"परत या," त्या म्हणाल्या. "किल्ली तुमचीच आहे."

लीलाबाई पदरानं डोळे पुसत उठली. म्हशी व्यायला झाल्यात, खाचरांच्या बांधांची डागडुजी, अनिताचं बाळंतपण, असं बरंच काही तिनं सांगितलं. बाईंना निरोप द्यायला ती रस्त्यापर्यंत आली. बाई स्कूटर चालू करत होत्या, तेव्हा तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"राग धरू नका बाई. माज्यानं गप ऱ्हावत न्हाई, आन तुमच्यानं ऐकवत न्हाई. दोगींचं कसं जमायचं?"

एप्रिलच्या पहिल्या रविवारी नेहमीसारखी सभा भरली. बाईंनी हजेरी घेतली नाही. त्यांनी स्वतः उभं राहून सगळं सांगितलं, पहिल्या वाटीपासून उपरण्यापर्यंत, एक शब्द न गाळता. आपण लीलाबाईवर अन्याय केला हेही सांगितलं. तीन जण रडले. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता प्रत्येकानं मला माझी एक चूक सांगायची. आजपासून दर सभेला. मला दिसत नसलेली."

आलेले दहाही जण सतरंजीच्या दोऱ्यांकडे बघत राहिले. बाहेर जांभळांत कावळे ओरडत होते. बाई थांबल्या. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ज्याच्याकडे पाहावं त्याची मान आणखी खाली जाई.

शेवटी गोरखला ते सहन होईना. तो हात मागे बांधून उठला.

"तसं काय न्हाई बाई," तो अगदी मनापासून म्हणाला. "तुमचं कायबी चुकत न्हाई."

बाईंनी खांबाकडे पाहिलं. लीलाबाईच्या जागी कुणी बसलेलं नव्हतं. पिंजरे धुवायचे राहिलेत, असं म्हणून त्यांनी सभा संपवली.